डबीवर काय लिहिलंय आणि डबी कुठे ठेवलीय

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या ताई सांगली जिल्ह्यातल्या, वय ५८. सुनेच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी त्या टोरोंटोजवळ मुलाकडे सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. मोठा नातू साडेतीन वर्षांचा, नात सव्वा महिन्याची. स्वयंपाकघरात राजगिऱ्याच्या वड्यांचा डबा काढताना त्याच फळीवर मागच्या बाजूला त्यांना दोन वस्तू सापडल्या. एका डबीत वाळलेल्या हिरवट फुलांचे गोळे होते, दुसऱ्या पाकिटात साखर लावलेल्या चघळायच्या गोळ्या. दोन्हींवर लाल रंगात पानाचं चित्र. मुलाने काही लपवलं नाही. “आई, गांजाच आहे, पण इथे कायद्याने चालतो. आणि हा हायब्रीड आहे, ब्लू ड्रीम नावाचा. निम्मा इंडिका, निम्मा सटायव्हा, त्यामुळे बॅलन्स राहतो. तुझ्या गुडघ्यासाठी अर्धी गमी घेऊन बघ, झोपही लागेल.” ताईंच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ ठेवायची गोळी आणि बीपीची गोळी चालू आहे. घरचे माळकरी आहेत, त्यांना यातलं काही माहीत नाही. ताई विचारतात, “हायब्रीड ज्वारीने भाकरीची चव घालवली, तसा हा हायब्रीड गांजा माझ्या मुलाचं डोकं घालवेल का? साधा असता तर एवढी भीती वाटली नसती. अर्धी गोळी घेऊ का? आणि ह्यांना सांगू का?”

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मीही ‘हायब्रीड’ शब्दाशीच अडखळले. दुसऱ्यांदा नजर गेली ती राजगिऱ्याच्या डब्यावर. त्याबद्दल बोलायचंच आहे. पण आधी तुम्ही विचारलंत ते, कारण त्यात तुमचा एक गैरसमज आहे आणि मुलाचाही एक. दोघांचे दोन टोकांचे.

तुमचा गैरसमज मला अगदी घरचा वाटतो. सीएसएच-१ ही देशातली पहिली संकरित ज्वारी १९६४ साली आली. पीक भरभरून यायचं, पण पाऊस लांबला की कणसं काळी पडायची, आणि भाकरी खाताना जुनी माणसं तोंड वाकडं करायची. तेव्हापासून मराठीत हायब्रीड म्हणजे बेचव, खतावर पोसलेलं, आत दम नसलेलं. आणि गावरान म्हणजे सकस. हल्लीच्या पोरांनाही आपण ‘हायब्रीड पिढी’ म्हणून मोकळे होतो. (योगायोग बघा, त्याच १९६४ साली इस्रायलमध्ये राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातलं चढणारं द्रव्य, टीएचसी, वेगळं करून त्याची रचना मांडली. एका वर्षात दोन्ही गोष्टी, आणि आज दोन्ही तुमच्या पत्रात.)

पण गांजात ‘हायब्रीड’ ही काही वेगळी, खतरनाक जात नाही. कॅनडाच्या दुकानात मिळणारा जवळजवळ सगळाच माल संकरित आहे. ज्यावर ‘इंडिका’ किंवा ‘सटायव्हा’ (दुकानवाले गांजाचे दोन प्रकार म्हणून सांगतात ती नावं) लिहिलंय तोसुद्धा. गेल्या पन्नास-साठ वर्षांत अफगाणिस्तान, थायलंड, मेक्सिको, कोलंबिया, आणि हो, आपल्या दक्षिण भारतातलंही बियाणं अमेरिकेत आणि हॉलंडमध्ये नेऊन इतक्यांदा एकमेकांत मिसळलं गेलंय, की आता शुद्ध काही शोधायचं तर डोंगरदऱ्यांतच जावं लागेल. ब्लू ड्रीम हे कॅलिफोर्नियातलं वाण. ‘ब्लूबेरी’ आणि ‘हेझ’ यांचा तो संकर, असं सांगतात. ‘सांगतात’ म्हणायचं, कारण ही सगळी पैदास चोरून झाली, आणि चोरीच्या धंद्याची वंशावळ कोण लिहून ठेवतो?

म्हणजे ‘साधा असता तर’ या तुमच्या वाक्यात फारसा अर्थ उरत नाही. जत्रेत चिलीम ओढणारे बुवा गावरानच ओढायचे, आणि त्यातले काही आयुष्यभर कामातून गेलेले तुम्हीही पाहिले असतील.

तरी तुमच्या भीतीत एक गोष्ट बरोबर आहे. हायब्रीड ज्वारी निवडली गेली ती दाणा जास्त पडावा म्हणून. चव, कडबा मागे राहिला. इथेही तेच झालं, फक्त दाण्याच्या जागी टीएचसी. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या मालात १९९५ साली टीएचसी सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास असायचं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेलं. आज दुकानातल्या ब्लू ड्रीमच्या डबीवर बहुधा २० च्या आसपासचा आकडा दिसतो. आणि सीबीडी, म्हणजे त्याच झाडातलं दुसरं द्रव्य, जे चढत नाही, ते ब्लू ड्रीममध्ये साधारण एक टक्क्याच्याही आत. तेव्हा घाबरायचं तर त्या आकड्याला घाबरा.

आता चिरंजीव. “निम्मा इंडिका, निम्मा सटायव्हा, म्हणून बॅलन्स.” हे दुकानात शिकवलेलं पाठांतर आहे. सटायव्हा म्हणजे तरतरी, इंडिका म्हणजे सुस्ती, हायब्रीड म्हणजे मधलं, असं काउंटरवर सांगतात आणि ऐकायला ते छान सुटसुटीत वाटतं. सटायव्हा हे नाव स्वीडनच्या वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली युरोपातल्या तागासारख्या झाडाला दिलं. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने १७८५ मध्ये भारतातून आलेल्या झाडाला इंडिका म्हटलं. नाव आपल्यावरूनच पडलं. गंमत अशी, की लामार्कपुढे होतं ते अरुंद पानांचं झाड. आजच्या दुकानात ते नेलं, तर पोरगं पान बघून म्हणेल, “ही तर सटायव्हा!” रुंद पानांच्या बुटक्या अफगाणी झाडाला ‘इंडिका’ म्हणायची रीत फार नंतरची. एवढा घोळ ज्या नावांत आहे त्यांची निम्मी-निम्मी बेरीज करून शांत झोप कशी मिळणार? अलीकडे संशोधकांनी दुकानातल्या मालाचं पृथक्करण करून पाहिलं, तेव्हाही लेबलवरची इंडिका-सटायव्हा-हायब्रीड ही वाटणी आतल्या रसायनांशी नीट जुळली नाही. वासाच्या काही द्रव्यांपुरता थोडाफार मेळ बसतो, इतकंच.

आणि खुद्द ‘ब्लू ड्रीम’ या नावाचं काय? इथे मला आंबा आठवतो. हापूसची कोय लावली तर हापूस येईलच असं नाही, रायवळ काहीतरी येतं. म्हणून आपण कलम बांधतो. ब्लू ड्रीमही बरीच वर्षं असंच फाटे लावून वाढवलं गेलं, बियांवर नाही. पण फाटा तोच असला तरी दिवे किती, खत काय, फुलं कधी तोडली, किती वाळवली, यावर माल बदलतो. पुन्हा हापूसला निदान भौगोलिक मानांकन तरी आहे. ब्लू ड्रीमवर कुणाचीच मालकी नाही. कुणीही काहीही वाढवावं आणि डबीवर ते नाव छापावं. वाशीच्या मार्केटात कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत बसतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला आणखी समजवायला नको.

वाणाची म्हणून जी लक्षणं सांगितली जातात ती अशी: बेरीसारखा गोडसर वास, डोकं हलकं पण अंग फार जड नाही, गप्पा सुचतात, भूक खवळते. वास खरा असतो. मिर्सीन नावाचं द्रव्य त्यात बरंच असतं, तेच काही आंब्यांच्या वासातही असतं. पाइनच्या झाडाचा वास देणारं पाइनीन असतं, आणि मिरी-लवंगेतलं कॅरिओफिलीन. तुमच्या मिसळणाच्या डब्यात यातली निम्मी मंडळी आधीपासून बसलेली आहेत. या वासांमुळे नशेचा पोत बदलतो असं शौकीन ठामपणे सांगतात, माणसांवरचा पुरावा मात्र अजून तोकडा आहे. कुणाला नेमकं काय होईल हे ठरतं ते किती टीएचसी, कोणत्या वाटेने, किती वेळात, आणि कोणाच्या शरीरात यावर. ज्या फुलाने एकाला हसू येतं त्याच फुलाने दुसऱ्याची छाती धडधडते आणि ‘मी आता मरतो’ असं वाटायला लागतं.

म्हणून ताई, मुलाला घेऊन बसा आणि ती डबी दोघांनी मिळून वाचा. मी ओंटारियोत औषधाच्या दुकानात अकरा वर्षं काउंटरमागे उभी होते; लेबल वाचायला लावणं हा माझा जुना छंद. कॅनडाच्या काही डब्यांवर दोन आकडे असतात. समजा ‘टीएचसी ५ मिग्रॅ/ग्रॅ’ आणि खाली ‘टोटल टीएचसी २१० मिग्रॅ/ग्रॅ’. पहिला आकडा बघून माणूस म्हणतो, अरे सौम्यच आहे. पण कच्च्या फुलात टीएचसी बहुतेक आम्लाच्या रूपात झोपलेलं असतं, ते काडी लावली की जागं होतं. खरा आकडा खालचा: ग्रॅमला २१० मिलिग्रॅम, म्हणजे २१ टक्के. नवख्या माणसाने ग्रॅमला १०० च्या आतलं घ्यावं, असं कॅनडाचं आरोग्य खातंच सांगतं. आणि मुलाला खरोखरच ‘बॅलन्स’ हवा असेल, तर त्या शब्दाचा तिथल्या दुकानातला अर्थ वेगळा आहे: टीएचसी आणि सीबीडी साधारण सारखं असलेला माल. हायब्रीडचा आणि त्याचा संबंध नाही. हे त्याला माहीत नसावं, अशी माझी पैज आहे.

मुलाची काळजी किती करावी हे वाणावरून कळणार नाही, पण काही साध्या गोष्टींवरून कळेल. तुम्ही लिहिलंय की तो “पोरं झोपली की गॅलरीत जातो”. रोज का? की शनिवारी? न घेता झोप येते का? कधी आठवडाभर बंद करून पाहिलंय का, आणि तेव्हा चिडचिड झाली का? आधी एवढ्यात भागायचं, आता जास्त लागतं, असं आहे का? झोपेसाठी म्हणून सुरू केलेल्या गांजाची खोड अशी, की सुरुवातीला डोळा लवकर लागतो, मग शरीराला सवय होते, आणि सोडायला गेलं की काही दिवस झोपच उडते. माणूस म्हणतो, “बघा, मला याची गरजच आहे.” त्यातली किती गरज आणि किती सवयीचं उट्टं, हे त्याचं त्यालाच तपासावं लागेल. तुमच्या माहेरी-सासरी कुणाला मानसिक आजार, भास, संशय वगैरे झाला असेल तर ते मात्र त्याला स्पष्ट सांगा. घरातल्या घरात झाकून ठेवलेली ही गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. अशा घरातल्या माणसाने जास्त टीएचसीचा माल टाळलेलाच बरा. आणि विचारताना सूर कीर्तनाचा नको. तो तीस वर्षांचा बाप आहे, आणि त्याने खोटं बोलायची संधी असून तुम्हाला खरं सांगितलंय.

तुम्ही सहज लिहिलेलं एक वाक्य मात्र मला खटकलं: “परवा रात्री डायपर संपले म्हणून अकराला गाडी काढून गेला.” गॅलरीतून आल्यावर गेला का? ओढल्यावर निदान सहा तास गाडीला हात लावू नये, गोळी खाल्ली तर त्याहून जास्त. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून गांजा कायदेशीर आहे खरा, पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात नशेत गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षांवर नेली गेली, आणि त्यामुळे तो गुन्हा परदेशी नागरिकासाठी ‘गंभीर’ यादीत जाऊन बसला. तुमच्या मुलाचा अजून पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना आहे, नागरिकत्व नाही. एका रात्रीच्या डायपरसाठी तो पीआर धोक्यात येऊ शकतो. आईच्या काळजीने जे पटणार नाही ते या एका माहितीने पटेल, असा माझा अनुभव आहे.

आता तुमची अर्धी गोळी. नको. इथे मी ‘पण’ आणि ‘परंतु’ करणार नाही. झडप बदललेल्या माणसाला सहसा रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन असतं. तुमच्या गोळीचं नाव तेच असेल तर गांजामुळे यकृतात ते औषध हळू मोडतं आणि रक्त हवं त्याहून पातळ होऊ शकतं. आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, भलताच चढल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. त्यात बीपीची गोळी. टीएचसीने नाडी वाढते आणि उभं राहताना दाब एकदम खाली येऊ शकतो. रात्री बाळासाठी झटकन उठलात, भोवळ आली आणि पडलात, तर पातळ रक्ताच्या माणसाला डोक्याचा मार म्हणजे काय हे तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं असेलच. गुडघ्याचं दुखणं यानं थांबतं असा भक्कम पुरावाही हातात नाही, मग एवढा धोका कशासाठी? गुडघ्याला लावायचं मलम, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि खाली बसणं बंद, हे कंटाळवाणं उत्तर आहे. मलमसुद्धा विचारूनच घ्या, कारण दुखण्यावरची काही औषधंही वॉरफरिनशी भांडतात.

ज्यांना असं औषध चालू नाही आणि तरी पोरं ‘घेऊन बघ’ म्हणतायत, त्या वाचकांसाठीही एक गोष्ट. ओढलेला गांजा काही मिनिटांत कळतो. खाल्लेला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत गप्प बसतो, मग यकृतातून जास्त जोरकस रूप घेऊन येतो आणि सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त, मुक्काम करतो. फसगत होते ती त्या गप्प वेळात. “काहीच होत नाही” म्हणून दुसरी गोळी, आणि मग दोन्ही एकदम. मी काउंटरवर असताना घाबरून फोन करणारे बहुतेक जण असेच दोनदा घेतलेले असायचे. कॅनडात खायच्या मालाच्या एका पाकिटात जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी ठेवता येतं, नवख्याने २.५ मिलिग्रॅमपुढे जाऊ नये, असं सांगितलं जातं. पाकिटात एकच १० ची गमी असेल, तर अर्धी म्हणजेही ५, नवख्याच्या दुप्पट. तुमच्या मुलाने हा हिशेब केला होता का?

आणि आता ती फळी. ताई, साखर लावलेली, रंगीत, फळाच्या वासाची गोळी राजगिऱ्याच्या वड्यांशेजारी आहे आणि घरात साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. तो नातू त्या फळीवरून रोज वडी मागतो, हे तुम्हीच लिहिलंय. एवढ्याशा जिवाला १० मिलिग्रॅम म्हणजे गुंगी, तोल जाणं, कधी श्वास मंदावून थेट अतिदक्षता विभाग. गांजाचे खायचे प्रकार दुकानात आल्यापासून ओंटारियोत अशी मुलं इमर्जन्सीत येण्याचं प्रमाण वाढलंय. पाकीट मुलांना उघडणार नाही असं बनवलेलं असतं, पण एकदा उघडून चिमट्याने बंद केलेलं पाकीट कुणालाही उघडतं. तुम्ही इतकं बारकाईने हायब्रीडबद्दल विचारलंत आणि हे ओझरतं लिहून गेलात, म्हणून मी एवढी लांबण लावली.

हे पत्र वाचलंत की दोन्ही वस्तू कुलपाच्या पेटीत, स्वयंपाकघराबाहेर, उंचावर. पेटी नसेल तर प्रवासाची बॅग आहेच, नंबरचं कुलूप असलेली. पॉयझन सेंटरचा, म्हणजे विषबाधेवर सल्ला देणाऱ्या केंद्राचा नंबर फ्रिजवर चिकटवा. कधी नातू अकारण पेंगुळला, डगमगला, तर ‘काय खाल्लं’ यावरून घरात वाद घालत बसू नका, ९११ फिरवा आणि गांजा घरात आहे हे लाजेकाजेशिवाय सांगा. डॉक्टरांना ते कळलं की नको त्या तपासण्या वाचतात. सून अंगावर पाजतेय, तिने यातलं काही घेऊ नये, कारण टीएचसी दुधात उतरतं. गॅलरीचं दार लोटलेलं असतं की बंद, तेही एकदा बघा.

राहिले घरचे. तुम्ही लिहिता, “त्यांना कळलं तर ते मुलाशी बोलणं टाकतील.” मला यात सांगायची घाई दिसत नाही, पण लपवायचं ओझं तुम्ही का घ्यावं? ते मुलाचं आहे. त्याला सांगा, “बाबांना सांगायचं की नाही हे तू ठरव, पण त्यांनी मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही.” गळ्यात माळ असलेल्या माणसाला हे पचायला जड जाईल, खरंय. पण त्यांच्या रागाचा धाक दाखवून मुलाची सवय सुटेल असं मनात असेल, तर ते सोडून द्या. त्याने फक्त गॅलरीऐवजी गाडीत बसून ओढणं सुरू होईल.

निघताना एक काळजी घ्या. बॅग स्वतः भरा, आणि मावशीच्या गुडघ्यांसाठी म्हणून कुणी चार गोळ्या प्रेमाने कोपऱ्यात सरकवल्या तर काढून ठेवा. कॅनडातून गांजा बाहेर नेणं तिथेही गुन्हा आणि आपल्याकडे अमली पदार्थांविरुद्धचा १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे; एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाणा’त मोडतो, पण त्यालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी आहे. मुंबई विमानतळावर कस्टमवाले बँकॉकहून येणारा हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला गांजा सतत पकडतायत, कुत्री आणि माणसं दोन्ही सावध आहेत. ‘कॅनडात चालतो’ हे उत्तर तिथे चालत नाही. ज्या बॅगेत तुम्ही पेटी म्हणून डबी ठेवाल तीच बॅग परतीला न्यायची असेल, तर आधी झटकून, कप्पे उलटे करून घ्या.

आणि राजगिऱ्याचा डबा खालच्याच फळीवर राहू द्या. नातवाचा हात तिथवर पोचायला हवा.